थोरल्याला साजेसं धाकटीचं नाव

महाभारतात काशीच्या राजाला तीन मुली होत्या: अंबा, अंबिका आणि अंबालिका. ही नावं एकदा ओळीनं मोठ्यानं म्हणून पाहावीत. थोरलीचं दोन अक्षरांचं, मधलीचं तीन, धाकटीचं चार. पाळण्यात नवी मुलगी आली की आधीच्याच नावाला एक अक्षर वाढवायचं, असा तो हिशेब दिसतो. थोरल्या भावंडाच्या नावाशी जुळणारं धाकटीचं नाव शोधायची हौस किती जुनी आहे, याचा हा मला सर्वांत आवडणारा दाखला.

तो एकटा नाही. दुर्योधन, दुःशासन, दुःसह अशा शंभर भावांवरची एकुलती एक बहीण दुःशला. कृपाचार्यांची जुळी बहीण कृपी. बलभद्राची बहीण सुभद्रा. आणि या सगळ्यांच्या आधी, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, यम आणि यमी. भावाच्या नावाला फक्त स्त्रीलिंगी प्रत्यय लावला की बहिणीचं नाव तयार. पुराणांनी या यमीलाच यमुना केलं. यम तिच्या घरी जेवायला गेला तो दिवस यमद्वितीया, म्हणजे आपली भाऊबीज.

कथाकारांना हे सुचत होतं, पण शास्त्रकारांच्या मनात ते नव्हतं. पारस्कर गृह्यसूत्रानं नाव ठेवायचे नियम घालून दिले: मुलाचं नाव सम अक्षरांचं, दोन किंवा चार, मुलीचं विषम अक्षरांचं आणि शेवटी आकार. हा नियम पाळला तर बहीण-भावाच्या नावांची अक्षरसंख्या कधी जुळायचीच नाही. मनुस्मृतीनं मुलीचं नाव उच्चारायला सोपं, मंगल, शेवटी दीर्घ स्वर असलेलं हवं असं सांगितलं. पुढे विवाहाच्या प्रकरणात मात्र नक्षत्राचं, झाडाचं किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असंही बजावलं. मुलीच्या नावाचा विचार होत होता तो तिच्या लग्नाच्या अंगानं. घरात आधीचं मूल कोण आहे, त्याचं नाव काय, हा प्रश्न या ग्रंथांना पडलेला नाही.

मराठी घरांनी नद्यांबद्दलची मनूची ताकीद मुळीच मनावर घेतली नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा ही नावं शतकानुशतकं वाड्यावाड्यांत नांदली. पाठोपाठच्या बहिणींना पाठोपाठच्या नद्या, ही बहुधा मराठीतली सर्वांत साधी जुळवणी. तीत यमक नाही, अनुप्रासही नाही. पण गंगेच्या पाठीवर यमुना आली की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

सर्वांत विचारपूर्वक केलेली जुळवणी मात्र तेराव्या शतकातली आहे. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून पुन्हा संसारात पाऊल टाकलं. त्यानंतर त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाईंना चार मुलं झाली. परंपरा त्यांची जन्मवर्षं शके ११९५, ११९७, ११९९ आणि १२०१ अशी सांगते. नावं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. संसारात परतलेल्या संन्याशानं पहिल्या मुलाला निवृत्ती म्हणावं, यात केवढं काही आहे! मग ज्ञान, मग चढायची पायरी, आणि शेवटी मुक्ती. चार नावांना मिळून एक वाट होते आणि त्या वाटेचा मुक्काम धाकट्या मुलीच्या वाट्याला आला आहे. आवाजाच्या अंगानं यातलं एकही नाव दुसऱ्याशी जुळत नाही. जुळतो तो अर्थ, आणि तोही असा की मुक्ता वगळली तर आधीची तिन्ही नावं अर्धवट राहतात. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढणारी ही धाकटी बहीण. योगी चांगदेवांनी गुरू मानलं तेही हिलाच. समाजानं वाळीत टाकलेल्या घरात शेवटच्या लेकीला इतकं मोठं नाव मिळालं, हे मला त्या कुटुंबाच्या कथेतलं फार हृद्य वाटतं.

मुक्ताबाईंचं लग्न झालं नाही. ते महत्त्वाचं अशासाठी की मराठी मुलीच्या नावाची पुढची गोष्ट लग्नापाशी अडते.

बारशाला काही घरांत अजूनही काशाच्या ताटात तांदूळ पसरतात आणि सोन्याच्या अंगठीनं त्यात नावं रेखतात: कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्राच्या चरणावरून एक आणि शेवटी व्यवहारातलं. तांदळात पहिलं अक्षर नीट उमटत नाही, दाणे घरंगळतात, दोनदा-तीनदा गिरवावं लागतं. मग आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करते. लग्नात पुन्हा असंच ताट येतं, असेच तांदूळ, अशीच अंगठी. या वेळी अंगठी नवऱ्या मुलाच्या हातात असते आणि तो नवं नाव लिहितो. माहेरी भावंडांशी जुळवून ठेवलेलं नाव तिथं संपायचं, आणि नव्या नावाची जोडी लागायची नवऱ्याशी. लोकमान्य टिळकांचं मूळ नाव केशव. त्यांच्या पत्नी माहेरच्या तापी, सासरी सत्यभामा झाल्या. नारायण वामन टिळकांच्या पत्नी मनकर्णिका. नारायणाशेजारी त्या लक्ष्मी झाल्या. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, दोघीही माहेरच्या यमुना. त्या काळच्या आईबापांनी मुलीच्या नावासाठी भावंडांकडे पाहून डोकं खाजवलं नसेल, तर त्याचं कारण उघड आहे. ज्या नावाला दहा-अकरा वर्षांचंच आयुष्य, त्याची जोडी जमवायची कशाला?

थोरल्या भावंडांकडे बघून ठेवलेलं एक नाव मात्र खूप चाललं, आणि ते सांगितल्याशिवाय ही कुळकथा खरी होणार नाही. दोन-तीन मुलींच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली की तिचं नाव नकुशी. आधी मुली होत्या म्हणून हे नाव. पहिली असती तर तिला ते मिळालं नसतं. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनानं अशा २८५ मुलींना शोधून त्यांचं रीतसर नामांतर केलं. शाळेच्या हजेरीत रोज ‘नकुशी’ या हाकेला ‘हजर’ म्हणणाऱ्या मुली होत्या त्या. बहिणींच्या संदर्भात ठेवलेलं नाव किती जिव्हारी लागू शकतं, हे त्या मुलींनी भोगलं. म्हणून ‘साजेसं’ म्हणताना मी आधी हेच बघते की ते नाव त्या मुलीच्या येण्याचा आनंद सांगतं का.

विसाव्या शतकात वारं बदललं. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या घरातल्या मुलींची नावं पाहा: लता, मीना, आशा, उषा. सगळी दोन अक्षरी, सगळी आकारान्त. थोरलीचं पाळण्यातलं नाव हेमा होतं; गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून ती पुढे लता झाली. हेमा म्हणा की लता, माळेतला मणी बदलला तरी माळ तीच राहते. शिवाय या बहिणींची नावं लग्नानंतर पुसली गेली नाहीत. खडीकर आणि भोसले ही आडनावं आली, पण मीना मीनाच राहिली आणि आशा आशाच.

माझ्या मते आजच्या हौसेचं मूळ इथं आहे. मुलीचं नाव जन्मभर तिचंच राहणार हे एकदा ठरलं, तेव्हा ते भावाच्या नावाशेजारी कसं दिसेल याला अर्थ आला. दुसरं कारण पाळण्यांच्या संख्येत आहे. आठ-दहा भावंडांत आजोबांचं नाव, आजीचं नाव, कुलदैवताचं, नवसाचं असं वाटप करता करताच नावं संपायची. हाक मारायला ताई, माई, अक्का पुरायचं, कारण सासूचं नाव लावलेल्या मुलीला तिच्या आईनं त्या नावानं हाक मारायची तरी कशी? साठच्या दशकात दवाखान्यांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला आणि पुढच्या दोन पिढ्यांत घर दोन मुलांवर थांबलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ होता. दोनच मुलं असली की दोन नावं आपोआप जोडीनं घेतली जातात, पत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर, आजीच्या तोंडात.

आता ही जुळवणी कशी करतात, तर बहुतेक घरं यमकाकडे धावतात: रिया-सिया, आर्या-भार्या... आणि दुसऱ्या जोडीशी थबकतात, कारण जुळलं तरी शोभत नाही. यमकाची हीच अडचण आहे. आवाज साधतो आणि अर्थ हातचा सुटतो. दुसरी अडचण मागच्या खोलीतून हाक मारताना कळते. आशा आणि उषा यांतलं पहिलं अक्षर भिंतीआड विरलं की दोघी एकदमच ‘ओ’ देतात. मला एकाच कुळातली, पण आवाजानं वेगळी नावं बरी वाटतात. जाई-जुई तर आपली जुनीच जोडी. थोरला मल्हार असेल तर धाकटी आसावरी किंवा भैरवी. दोघं राग, पण प्रत्येकाची वेळ निराळी, चलन निराळं. थोरला अर्णव असेल तर धाकटी ऊर्मी किंवा रेवा. थोरली ऋचा असेल तर ओवी, म्हणजे संस्कृतातून मराठीत उतरल्यासारखं होतं. पत्रिकेचं अक्षर आड येतं तेव्हा जुनी सोय कामी येते: रोहिणी नक्षत्रावरची मुलगी ‘वा’ किंवा ‘वी’वरून नक्षत्रनाव घेते, आणि व्यवहारातलं नाव भावाकडे पाहून ठेवता येतं. घाईही नसते. जन्माची नोंद नावाशिवाय होते आणि पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क घालता येतं.

एकाच अक्षरावरून दोन्ही नावं ठेवायची टूम मात्र मराठी घराला जड जाते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं आणि शेवटी आडनाव, म्हणजे भावंडांची पहिली अक्षरंही सारखीच झाली की आद्याक्षरांत दोघांमध्ये काही फरक उरत नाही. बँकेच्या पत्रापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत कुठली ‘अ. वि.’ याचा घोळ होतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. याचा अर्थ बहीण-भावाच्या नावातले शेवटचे तीन शब्द अगदी सारखे असणार आणि वेगळेपण सगळं पहिल्या शब्दावर येणार. धाकटीचं नाव पक्कं करण्याआधी दोघांची पूर्ण नावं एकाखाली एक लिहून, मोठ्यानं वाचून पाहावीत. आईच्या नावाशी ते कसं बसतं, तेही त्यातच कळतं.