सोनझऱ्यांचे पात्र आणि हौशी शोधक

नदीची वाळू धुऊन सोने काढण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. बालाघाट, मंडला आणि छत्तीसगडच्या नद्यांत सोनझरे हेच काम करीत. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. यामागील शास्त्र साधे आहे. सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड, तर वाळू अडीच पटींहून थोडी अधिक. पात्र पाण्यात फिरवले की वाळू वाहून जाते, सोन्याचे कण तळाशी राहतात. सराफांच्या दुकानांतील धूळ धुणारा झारेकरीही याच तत्त्वावर पोट भरतो.

ऑस्ट्रेलियात १८५४ साली युरेका येथे खाणकामगारांचे रक्त सांडले आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ हा परवाना आला. आज तेथील हौशी शोधकही अल्प शुल्कात तो घेतात.

आपल्या १९५७च्या खाण व खनिज कायद्यानुसार मात्र परवान्याविना खनिजाचा शोध घेता येत नाही. म्हणून आर. के. पुरममधील हौशी मित्रांनो, आरंभ गच्चीवरच करावा: परातीत वाळू, शिशाचे चार छर्रे आणि पाणी. छर्रे न गमावता वाळू धुता आली, की सोनझऱ्याच्या हातातील कसब कळेल. त्या कसबाला कायद्यात जागा कोणती, हा प्रश्नही मग आपलाच वाटेल.