ब्राउझरमधील प्लग-इन आणि प्रोसेसरवरील ताण : कारणे व उपाय

धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज अशी अनेक कामे आता सेवा केंद्रातील संगणकावरून होतात. लहान गावात अशा एकाच संगणकावर अनेकांची कामे अवलंबून असतात. तो संगणक मंदावला, की केंद्राबाहेरची रांग वाढत जाते. पंखा घरघरू लागतो, माउसचा बाण अडखळतो आणि टंकलेले अक्षर पडद्यावर उमटायला काही क्षण लागतात. अशा वेळी 'संगणक जुना झाला' किंवा 'फॉरमॅट मारावा लागेल' असा निष्कर्ष चटकन काढला जातो. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा ब्राउझरला जोडलेल्या एखाद्या छोट्या प्रोग्रॅमचा असतो आणि तो शोधायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

सर्व्हर मंद की संगणक मंद?

शोधाला लागण्यापूर्वी हा भेद करणे आवश्यक आहे. २०२३ च्या खरीप हंगामात राज्यात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली. त्या वेळी अर्जाची ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली होती. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत राज्यभरातून एकाच संकेतस्थळावर गर्दी होते आणि पान उघडत नाही. अशा वेळी आपल्या संगणकाची कितीही डागडुजी केली तरी उपयोग नसतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्यास विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'सीपीयू' या शीर्षकाखालील आकडा पाहावा. पान अडकलेले असून हा आकडा कमी असेल, तर अडथळा जोडणीत किंवा पलीकडच्या सर्व्हरमध्ये आहे. आकडा सतत ८०-९० टक्क्यांच्या पुढे राहत असेल, तर ताण आपल्याच संगणकावर आहे. 'सीपीयू' या शीर्षकावर क्लिक केल्यास सर्वाधिक ताण देणारा प्रोग्रॅम यादीत वर येतो. तेथे ब्राउझरऐवजी विंडोज अपडेट किंवा अँटिव्हायरसचे नाव दिसल्यास त्याचे काम पूर्ण होऊ द्यावे.

प्लग-इनकडून एक्स्टेन्शनकडे

ब्राउझरला बाहेरचा प्रोग्रॅम जोडण्याची सोय १९९६ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून रूढ झाली. फ्लॅश, जावा, रिअलप्लेअर ही त्या काळातील परिचित नावे. चलच्चित्र, खेळ आणि जाहिराती यांसाठी फ्लॅश घरोघरी पोहोचले. पण त्याचा भार प्रोसेसरला सोसावा लागे. विंडोजवरील व्हिडिओचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय फ्लॅशमध्ये २०१० साली, १०.१ या आवृत्तीत आली. एक प्लग-इन अडकले, की सारा ब्राउझर कोलमडे. त्यावर उपाय म्हणून फायरफॉक्सने जून २०१० मध्ये, ३.६.४ या आवृत्तीपासून, फ्लॅशसारखी प्लग-इन स्वतंत्र प्रक्रियेत चालवण्यास सुरुवात केली.

पुढे ही पद्धतच मोडीत निघाली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुनी प्लग-इन पूर्णपणे बंद केली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅशखेरीज इतरांना दार लावले. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालणे बंद झाले. आज त्यांची जागा एक्स्टेन्शनने घेतली आहे. जाहिराती रोखणारे, भाषांतर करणारे, पासवर्ड साठवणारे, पडद्याचे छायाचित्र घेणारे असे हे छोटे प्रोग्रॅम असतात. बोलीभाषेत त्यांनाही प्लग-इन म्हटले जाते आणि ताणाची तक्रारही तशीच उरली आहे.

ताण का येतो?

अनेक एक्स्टेन्शन स्थापनेच्या वेळी 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' ही परवानगी मागतात. ती दिल्यावर एक्स्टेन्शनचा कोड उघडलेल्या प्रत्येक पानावर चालू शकतो. दहा पाने उघडी असतील, तर तेच काम दहा ठिकाणी होते. एकाच कामाची दोन एक्स्टेन्शन असतील, तर दोन्ही तेच पान पुन्हा पुन्हा तपासत राहतात.

काही वेळा हेतूच वाईट असतो. सप्टेंबर २०१७ ते मार्च २०१९ या काळात 'कॉइनहाइव्ह' नावाची सेवा चालू होती. तिचा कोड संकेतस्थळात घातला, की पाहुण्याच्या प्रोसेसरवर मोनेरो हे आभासी चलन तयार करण्याचे गणित चाले. वीज जाई वापरणाऱ्याची आणि कमाई होई दुसऱ्याची. असे प्रकार वाढल्याने गुगलने २०१८ साली चलननिर्मिती करणाऱ्या एक्स्टेन्शनना आपल्या दालनात बंदी घातली. वापरात नसलेले टॅब निद्रिस्त करून ताण कमी करणारे 'द ग्रेट सस्पेंडर' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मालकी बदलल्यानंतर संशयास्पद ठरले आणि गुगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काढून टाकले. कालपर्यंत विश्वासाचे असलेले एक्स्टेन्शन एखाद्या अपडेटनंतर बदलू शकते, हा त्यातील धडा होय.

दोषी कसा ओळखावा?

१. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडावा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत तो मेनूतील 'मोअर टूल्स' या विभागात आढळतो. तेथे टॅब आणि एक्स्टेन्शन यांची नावे स्वतंत्रपणे दिसतात. क्रोममधील आकडा एका कोअरच्या हिशेबाने असतो, तर विंडोजमधील आकडा साऱ्या प्रोसेसरच्या हिशेबाने असतो. त्यामुळे चार कोअरच्या संगणकावर क्रोममध्ये १०० दिसणारी प्रक्रिया विंडोजमध्ये सुमारे २५ टक्के दिसेल. या फरकाने गोंधळून जाऊ नये.

२. एखादा टॅब सर्वांत वर असेल, तर तो बंद करून फरक पाहावा. टॅब बंद करताच ताण उतरला, तरी त्या पानावर काम करणारे एक्स्टेन्शनही कारण असू शकते. म्हणून तेच पान इनकॉग्निटो खिडकीत उघडावे. विशेष परवानगी दिलेली नसल्यास तेथे एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये यासाठी 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे. तेथे पान सुरळीत चालले, तर संशय एक्स्टेन्शनवर पक्का होतो. तेथेही ताण कायम राहिला, तर पानच जड आहे असे समजावे.

३. दोषी नेमका ठरत नसेल, तर निम्मी एक्स्टेन्शन बंद करावीत. ताण कमी झाला तर दोषी बंद केलेल्या निम्म्यात आहे, न झाल्यास उरलेल्या निम्म्यात. त्या गटाचे पुन्हा दोन भाग करावेत. या रीतीने बारा एक्स्टेन्शनमधील एक फार तर चार फेऱ्यांत सापडते.

४. दोषी सापडल्यावर प्रथम त्याचे अपडेट आहे का ते पाहावे. तरीही ताण कायम राहिल्यास ते काढून टाकावे. गरजेचेच असेल, तर त्याची परवानगी ठरावीक संकेतस्थळांपुरती मर्यादित करावी.

५. केवळ व्हिडिओ पाहताना ताण येत असेल, तर ब्राउझरच्या 'सिस्टीम' सेटिंगमधील ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे का ते तपासावे. जुन्या ग्राफिक्स चिपला नव्या प्रकारचे व्हिडिओ उलगडता येत नाहीत आणि तो भार प्रोसेसरवर येतो. चित्राची प्रत ४८० वर आणल्यास फरक पडतो.

काय काढू नये?

सेवा केंद्राच्या संगणकावर सरसकट साफसफाई धोक्याची ठरते. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची 'आरडी सर्व्हिस' ब्राउझरबाहेर, विंडोजच्या पार्श्वभूमीवर चालते. ती काढली, की आधार पडताळणी थांबते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअरही तसेच. जुने फ्लॅश निःशंकपणे काढावे. जावा मात्र काढण्यापूर्वी निविदा किंवा स्वाक्षरीच्या एखाद्या कामासाठी ते लागते का, याची खात्री करावी. संगणक फॉरमॅट केल्यास हे सारे पुन्हा बसवावे लागते आणि ऐन मुदतीत केंद्राचा दिवस वाया जातो.

उष्णता आणि धूळ

उन्हाळ्यात जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पंख्यात धूळ साचली असेल, तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या बचावासाठी आपला वेग उतरवतो. मग नेहमीचे कामही त्याला जड जाते आणि टास्क मॅनेजरमधील आकडा फुगतो. एकही एक्स्टेन्शन दोषी ठरले नाही, तर संगणक बंद करून पंखा साफ करावा.

नवी विंडोज न पेलणाऱ्या जुन्या संगणकांची अडचण मात्र खरी आहे. फेब्रुवारी २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. तेथे यंत्र बदलण्याचा विचार रास्त ठरतो. इतरांनी महिन्यातून एकदा एक्स्टेन्शनची यादी उघडून न लागणारी काढून टाकावीत आणि ही छाननी मुदतीच्या गर्दीपूर्वी उरकावी. रांग लागल्यानंतर दोष शोधायला उसंत मिळत नाही.