जुन्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवायचंय? आधी हे समजून घ्या
अमेरिकेत जुन्या फोर्ड, शेवरोले पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं, १२ व्हॉल्व्हचं इंजिन बसवणारे बरेच आहेत. १९८९ ते १९९८ दरम्यान ते डॉज पिकअपमध्ये यायचं. डिझेल पंप मेकॅनिकल, त्यामुळे ईसीयूची भानगड नाही. पंप, टर्बो, इंजेक्टर बदलून हॉर्सपॉवर वाढवता येते.

पण वजन जवळपास ५०० किलो! म्हणून क्रम असा ठेवा:

१. चेसिस, पुढचे स्प्रिंग मजबूत करा.
२. ब्रेक बदला. डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे बूस्टरला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो.
३. टॉर्क झेलणारा क्लच, गिअरबॉक्स निवडा. हे इंजिन कमी आरपीएमचं, म्हणून ॲक्सलचा गिअर रेशोही तपासा.
४. रेडिएटर, इंटरकूलरची जागा मोजा.

पॉवर सगळ्यात शेवटी. गाडी पळण्याआधी थांबली पाहिजे ना!