शेत आधी की शेतकरी?

वर्डमध्ये एक छोटा मॅक्रो लिहून ठेवला की तोच मजकूर एक कळ दाबताच छापील पानासारखा दिसतो, पुन्हा दाबली की नुसत्या मथळ्यांच्या आराखड्यासारखा. मजकुरातले अक्षरही हलत नाही. ही सोय संगणकाची असली तरी गरज जुनी आहे. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या केळझरसारख्या गावाच्या महसुली दप्तरात ती आढळते. मध्य प्रांताच्या काळात पटवारी गावची जमीन दोन तऱ्हांनी मांडत असे: खसऱ्यात शेतांच्या क्रमांकाने, जमाबंदीत कास्तकारांच्या नावाने. पीक पाहायला निघालेल्याला शेतांचा क्रम हवा असे, वसुलीला बसलेल्याला माणसांचा. १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, पुढे १९६६ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. कागदांची नावे बदलली, पण ही विभागणी टिकली. आजही सातबारा शेताचे सांगतो, आठ-अ खातेदाराचे.

फरक एवढाच की संगणकापूर्वी एका मांडणीतून दुसरी काढणारे यंत्र म्हणजे पटवाऱ्याची लेखणी. जमीन विकली गेली की फेरफार नोंदवहीत नोंद व्हायची, ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर आणि मग आठ-अवर हाताने उतरायची. एक जागा राहून गेली तर दोन कागद दोन गोष्टी सांगत. संगणकीकृत अभिलेखाने नेमका हा दुवा बदलला: नोंद एकदाच होते, मांडणी मागाल तशी निघते. १ मे २०१८ पासून मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ही याच वाटेवरची पुढची पायरी.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. दोन स्वतंत्र वह्या एकमेकींवर पहारा ठेवत. मूळ नोंद एकच असली की तिच्यातली चूक प्रत्येक मांडणीत सारख्याच आत्मविश्वासाने उमटते. हे खरे आहे, मॅक्रोलाही मजकुराचा खरेखोटेपणा कळत नाही. पण वह्यांतली तफावत कुठेतरी चूक आहे एवढेच सांगे; कोणती वही चुकली हे ठरवायला फेरफाराची नोंद आणि प्रत्यक्ष शेतच गाठावे लागे. म्हणजे खरा पहारा दुसऱ्या वहीत नव्हताच. तो हितसंबंधितांना दिलेल्या नोटिशीत, मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणात आणि बांधावरच्या पाहणीत होता. नकलेचे कष्ट यंत्राने घेतले याची खंत नको. वाचलेला वेळ या तीन कामांना मिळतो का, हे मात्र विचारलेच पाहिजे.