पंधरा वर्षांनी एकदा

आमच्या धर्मापुरीकडं बैल विकत घ्यायचा म्हटलं, की आधी त्याचे दात पाहतात. मग खूर पाहतात, चालवून पाहतात, औताला जुंपून पाहतात आणि मगच पैशाची गोष्ट निघते. बैलगाडीचंही तसंच. पावसाळ्याच्या आधी ती सुताराच्या दारात जायची. चाकाचे आरे ढिले झालेत का, लोखंडी धाव सुटलीय का, वंगण आहे का, हे पाहिल्याशिवाय जाणता शेतकरी गाडी रस्त्यावर काढत नसे. पुढं गाडीबैलाची जागा मोटारसायकलीनं घेतली. दसऱ्याला आम्ही तिला झेंडूचा हार घालतो, नारळ फोडतो. तपासत मात्र नाही. मी आयुष्यभर शाळेत मुलांना पास-नापास केलं. मोटारसायकलीच्या परीक्षेत मी स्वतः नापास झालो, म्हणून आज त्या परीक्षेविषयी बोलतो आहे.

ही परीक्षा आली कुठून? ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारींसाठी पहिला देशव्यापी कायदा झाला १९१४ साली. गाडीची नोंद आणि चालकाचा परवाना, एवढाच त्याचा मुख्य भर होता. मोटारी होत्याच किती? आमचा बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथं १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्यानं सत्तावीस बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. देशभर खासगी बस आणि मालमोटारी वाढू लागल्या. भाडं घेऊन माणसं नेणारी गाडी धड आहे की नाही, ही सरकारची काळजी झाली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानं अशा गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो, ते हेच.

या कायद्याची नजर होती बस आणि ट्रकवर. मोटारसायकल ही खासगी चीज. ती साहेबाची, डॉक्टरची, फार तर एखाद्या हौशी बागायतदाराची. ज्याची गाडी, त्यानं तिची काळजी घ्यावी, असा सरळ हिशेब होता. १९८८ साली नवा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. त्यातही ही विभागणी राहिली. भाड्याच्या गाडीला ठरावीक मुदतीनं पासिंग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी आणि मग गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण.

मधल्या काळात मोटारसायकल मात्र बदलली होती. १९५५ साली मद्रासला बुलेट तयार होऊ लागली, साठच्या दशकात म्हैसूरची जावा आणि राजदूत आली. तरी खेड्यात एखाददुसरीच दिसे. १९८५ साली आमच्या मराठवाड्यातच, वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी हिरो होंडाची शंभर सीसीची, कमी पेट्रोल पिणारी फोर-स्ट्रोक गाडी बाजारात आली. त्यानंतरच्या वीस वर्षांत दुचाकी गावोगाव पोहोचली. दुधाच्या किटल्या, खताचं पोतं, बाळंतीण, शाळेची पोरं, सगळं तिच्यावरून जाऊ लागलं. बैलगाडीचं काम तिच्याकडं आलं, पण बैलगाडीची तपासणी तिच्या वाट्याला आली नाही.

आता माझी गोष्ट. मी १९९४ साली मोटारसायकल घेतली. घरी दोन म्हशी होत्या. दुधाची किटली नीट अडकत नव्हती, म्हणून मागच्या चाकाजवळचं साडीगार्ड मी काढून टाकलं. ते गोठ्यातल्या खुंटीला कितीतरी दिवस लटकत होतं. १९९७ च्या श्रावणात आम्ही दोघं पाहुण्यांकडं निघालो होतो. पत्नी एका बाजूला पाय सोडून बसलेली. गावाच्या बाहेर तिचा पदर चाकात गेला. वेग कमी होता, म्हणून मनगटावर निभावलं. सगळे म्हणाले, बाईनं पदर सावरून बसायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणालो.

२००९ साली नोंदणीची पंधरा वर्षं भरली. गाडी धुऊन-पुसून परिवहन कार्यालयात नेली. चासी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. निरीक्षकांनी ब्रेक दाबायला सांगितला, मागचा लाल दिवा लागेना. मागचा टायर हात फिरवला तर गुळगुळीत. मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, साडीगार्ड कुठाय?" मी किटलीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मागं माणूस बसवायचा असेल, तर हे लागतंच. नियम आहे."

घरी येऊन मी तो नियम शोधून वाचला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १२३ क्रमांकाचा. मागं बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकलेला हवा. म्हणजे माझ्या पत्नीच्या पदराचा विचार दिल्लीतल्या कुणीतरी आधीच करून ठेवला होता. तो मी पान्यानं खोलून खुंटीला टांगला होता. बारा वर्षं मी तिला दोष देत आलो आणि दोष माझा होता, हे मला पंधरा वर्षांनी झालेल्या तपासणीत कळलं.

त्या दिवशी रांगेत नापास झालेल्या इतर गाड्याही पाहिल्या. कुणाचा आरसा नाही, कुणाचे इंडिकेटर तुटलेले, कुणाच्या नंबर प्लेटवर नंबरापेक्षा 'दादा' मोठा. एकाचा सायलेन्सर बदललेला. एकाच्या ब्रेकचे लायनर इतके झिजलेले, की मागच्या ब्रेकचा नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. पायाला ब्रेक लागल्यासारखा वाटे, चाक मात्र थांबत नसे. यातलं महागडं काहीच नव्हतं. बल्ब, लायनर, आरसा, टायर. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. ती पाहायला यंत्र लागत नाही, अंगठा पुरतो.

पुष्कळांना वाटतं, पीयूसीचा कागद असला म्हणजे गाडी धड. ती तपासणी फक्त धुराची. ब्रेककडं तिथं कुणी पाहत नाही.

इंग्लंडात खासगी गाड्यांची अशी तपासणी १९६० साली सुरू झाली, अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना. आधी दहा वर्षांवरच्या गाड्या, मग सात आणि १९६७ पासून तीन वर्षांवरच्या, दरवर्षी. त्यात मोटारसायकलीही आल्या. तिथंही त्या नापास होण्याच्या कारणांत दिवे पहिले असतात, मागोमाग ब्रेक आणि टायर. फ्रान्सनं बराच विरोध झाल्यावर १५ एप्रिल २०२४ पासून दुचाकींची तपासणी सुरू केली. आपल्याकडं सुधारणा झाली ती नव्या गाडीत. २०१७ पासून दिवा आपोआप पेटता राहतो. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, लहान गाड्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक आला. पण नवी गाडी जुनी होतेच, आणि बल्ब जायचा तेव्हा जातोच.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. हे सगळे नादुरुस्त गाडीनं गेले, असं मी म्हणणार नाही. वेग आहे, दारू आहे, हेल्मेट नसणं आहे, खड्डे आहेत. पण ज्या वाहनावर एवढी माणसं जातात, त्याच्याकडं पंधरा वर्षं कुणी अधिकारानं पाहत नाही. १९३९ साली हे समजण्यासारखं होतं. आज नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर एक करा. खंडेनवमीला गाडी धुताच ना? हार घालण्याआधी घरातल्या एकाला मागं उभं करा आणि ब्रेक दाबा. लाल दिवा लागला का विचारा. टायरवर अंगठा फिरवा. ब्रेकचा नट किती आवळलाय पाहा. साडीगार्ड जागेवर आहे का बघा.

माझं साडीगार्ड त्याच आठवड्यात खुंटीवरून उतरलं. गंज घासला, रंग दिला आणि गाडीला बसवलं. पत्नी बघत उभी होती. मी तिची माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "आता किटली कुठं अडकवणार?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)