पितळेचं पातेलं आणि शेफील्डचे प्रोफेसर



मध्यंतरी लेस्टरला एका मित्राकडे बारशाला गेलो होतो. बाळाची आजी पुण्याहून आली होती, आणि आहेरात एक पितळेचं छोटं पातेलं होतं. "बाळाचं वरचं दूध सुरू झालं की यातच तापव हो, स्टीलमध्ये सत्त्व राहत नाही," असं त्या सुनेला सांगत होत्या. मी पटकन बोलून गेलो, "काकू, कल्हई केलीय का याला?" सगळे हसले. इथे कुठून आणायचा कल्हईवाला! मी मात्र गंमत करत नव्हतो. त्या दिवशी जे धड सांगता आलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण हा विषय आमच्या घरातला आहे, म्हणून बरंच वाचलंय.

आमच्या आत्याची दोन मुलं पाठोपाठ गेली. दोन्ही मुलगे, दोन्ही दोन वर्षांच्या आतले. पोट फुगलं, चिडचिड वाढली, मग कावीळ, आणि काही महिन्यांत खेळ संपला. 'लिव्हर झालं' एवढंच घरात सांगायचे. एका डॉक्टरांनी 'रक्तातच दोष आहे' असं सांगितल्यावर ते कुणाचं रक्त हे ठरवायला सासरच्यांना वेळ लागला नाही. आत्याने जन्मभर बोलणी खाल्ली.

या दुखण्याचं पुस्तकी नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचं वर्णन केलं होतं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं कारण सापडलं नाही. आनुवंशिक असावं असं वाटायला जागा होती. एकाच घरात दोन-दोन मुलं दगावायची, काही जातींत जास्त दिसायचं, मुलींपेक्षा मुलगे जास्त. नात्यातल्या लग्नांकडेही बोट दाखवलं जायचं.

हे कोडं सुटायला जी माणसं कारणीभूत झाली त्यात एक इंग्रज आहे. प्रा. स्टुअर्ट टॅनर, आधी लंडनचं किंग्ज कॉलेज हॉस्पिटल, मग लेस्टर, पुढे शेफील्डला बालरोगशास्त्राचे प्राध्यापक. यांचे या आजारावरचे शोधनिबंध ओळीने लावून नुसती शीर्षकं वाचली तरी गोष्ट कळते.

पहिला निबंध १९७८ चा, 'लॅन्सेट'मधला. किंग्जमधले पॅथॉलॉजिस्ट पोर्टमन, मुलांच्या यकृताचे तज्ज्ञ अॅलेक्स मोवॅट आणि रॉजर विल्यम्स यांच्याबरोबर लिहिलेला. या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवले तर पेशींत गडद कण दिसतात, आणि हा रंग तांबं धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला पकडतो. लगेच १९७९ मध्ये दुसरा निबंध. यकृतातलं तांबं प्रत्यक्ष मोजलं. निरोगी यकृतात सुक्या वजनाच्या दर ग्रॅमला पन्नास मायक्रोग्रॅमच्या आत असतं, इथे ते कैक पटींनी जास्त निघालं. त्याच वर्षी अमेरिकेतले पॉपर आणि आपले डॉ. नायक यांचाही याच विषयावरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला.

तांबं आहे हे कळलं, पण आलं कुठून? याचं उत्तर लंडनला मिळणं शक्यच नव्हतं. इथे पुणं येतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी टॅनरबरोबर काम सुरू केलं आणि आयांना एक अगदी घरगुती प्रश्न विचारला: दूध कशात तापवता, कशात ठेवता? १९८३ चा 'लॅन्सेट'मधला निबंध त्यातून आला. लहान वयात सुरू केलेलं, तांब्याचा अंश उतरलेलं जनावराचं दूध हे या आजाराचं संभाव्य कारण, असं शीर्षक. 'संभाव्य' हा शब्द त्यांनी शीर्षकातच घातलाय, हे मला फार आवडतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा आमटी ठेवली तर कळकते, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आंबट पदार्थ त्या भांड्यात ठेवत नसत. पण दूध? दूध कुठे आंबट असतं! त्यामुळे दुधावर कुणाला संशय आला नसावा. १९८९ मध्ये ओनील आणि टॅनर यांनी दाखवलं की पितळेच्या भांड्यातलं तांबं दूध सहज उचलतं आणि ते दुधातल्या केसीनला चिकटून राहतं. त्यात तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकायची यंत्रणा अजून कच्ची असते. अंगावर पिणाऱ्या मुलाला अर्थातच हा धोका नाही. वरचं दूध आणि पितळेची भांडी परवडणाऱ्या घरांत हा आजार का दिसायचा, याचा थोडा उलगडा इथे होतो. मुलग्यांचं प्रमाण जास्त का, याचं कारण 'लाडाचा म्हणून वरचं दूध लवकर' हे असेल का? हा आपला माझा तर्क, पुरावा नाही.

१९८७ मध्ये दोन निबंध आले. एकात आजारी मुलांच्या आणि त्यांच्याच जोडीच्या निरोगी मुलांच्या आहाराची तुलना. दुसऱ्यात पेनिसिलामाइन या औषधाच्या चाचण्या. हे औषधही इंग्लंडचंच. केंब्रिजच्या जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये ते विल्सनच्या आजारात, म्हणजे अंगात तांबं साठण्याच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजारात, वापरायला काढलं. आपल्या मुलांना ते कावीळ होण्याआधी दिलं तर उपयोग होतो, उशीर झाला तर फारसा नाही, असं पुण्यात दिसलं. १९९६ चा निबंध (पहिले लेखक डॉ. आशिष बावडेकर) या औषधावर वर्षानुवर्षं जगलेल्या मुलांबद्दल आहे. विल्सनच्या रुग्णाला औषध जन्मभर घ्यावं लागतं. या मुलांचं बंद केलं तरी आजार उलटला नाही. मला हा निबंध वाचताना आत्या आठवली, दुसरं काही सुचेना.

मग आनुवंशिकता खोटी होती का? नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. पितळेत दूध तापवणारी घरं लाखो होती, आजारी पडली ती त्यातली थोडी मुलं. ऑस्ट्रियातल्या टिरॉलमध्ये हुबेहूब असाच आजार होता. १९९६ मध्ये म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९०० ते १९७४ मधली १३८ मुलं शोधून काढली. तिथेही गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळायचे, भांडी बदलली आणि आजार गेला. पण वंशावळी मांडल्यावर दिसलं की दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं. म्हणजे जनुक आणि भांडं, दोन्ही लागतात. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांत पाण्यात तांबं भरपूर असूनही लहान मुलं यकृताने दगावली नव्हती.

हा जनुक कोणता? विल्सनच्या आजाराचा जनुक टिरॉलच्या बाबतीत १९९८ मध्ये बाद झाला. कुत्र्यांमधल्या अशाच आजाराचा जनुक २००३ मध्ये बाद झाला. पुढे शोधायचं तर रुग्ण हवेत, आणि रुग्ण उरले नाहीत! १९९२ चा निबंध हा आजार टाळण्यावरच होता. स्टील आणि अॅल्युमिनियम घरोघर आलं, दवाखान्यांतून आयांना सांगितलं गेलं, आणि एके काळी बालरोग वॉर्डात नेहमी दिसणारा हा आजार दुर्मिळ झाला. सगळे सहमत आहेत असं मात्र नाही. वर उल्लेख केलेल्या डॉ. नायक यांनीच २०१३ मध्ये डॉ. चितळे यांच्याबरोबर लिहून भांड्यांच्या सिद्धांताला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं वाचायलाच हवं. पण भांडी बदलताना आजारही ओसरला, आणि तोही दोन देशांत, हा नुसता योगायोग म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आत्या २००१ मध्ये गेली. हे निबंध तोवर छापून झाले होते, काही तर तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर लिहिले गेले होते. तिला कुणी सांगितलं नाही, मीही नाही, कारण मला तेव्हा माहीतच नव्हतं. आणि सांगायचं ते तरी काय? 'दोष तुझ्या एकटीचा नव्हता, भाऊजींकडूनही तेवढाच आला असणार, आणि तो बाहेर आला तो सासूबाईंनी तुला दिलेल्या पातेल्यामुळे' असं?

मित्राच्या बायकोने ते पातेलं घासूनपुसून खिडकीत ठेवलंय, त्यात कोथिंबीर लावलीय. काकू फोनवर अजून विचारतात, दूध कशात तापवतेस म्हणून.