साल्व्हेज: मोबदल्यापासून मोडीपर्यंत

साल्व्हेज ही मुळात वस्तू नव्हे आणि कामही नव्हे. ती एक रक्कम होती. बुडू लागलेले किंवा शत्रूच्या हाती पडलेले जहाज, किंवा त्यावरचा माल, ज्याने आपणहून वाचवला त्याला मालकाने द्यायचा मोबदला म्हणजे साल्व्हेज. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्याला याच अर्थाने दिसू लागतो. आज मोटारविम्याच्या कागदावर सर्व्हेअर ‘साल्व्हेज’ लिहितो तेव्हा त्याच्यापुढे चेपलेला पत्रा आणि वाकलेली चॅसी असते. रोकड मोबदला मोडीत कसा निघाला, हीच या शब्दाची खरी कुळकथा.

मूळ लॅटिन ‘साल्वुस’: सुरक्षित, धडधाकट. संस्कृतातला ‘सर्व’ याच घराण्यातला. त्याचाही जुना अर्थ ‘अखंड, पुरा’ असाच. लॅटिनमधून हे मूळ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. पण खरी खूण शेवटच्या प्रत्ययात आहे. टोवेज, पायलटेज, व्हार्फेज, डेमरेज हे गोदीतल्या बिलावरचे शब्द पाहिले की हा प्रत्यय काय करतो ते कळते: तो कामाची आकारणी सांगतो. साल्व्हेजही याच रांगेतली, वाचवणुकीची आकारणी.

या शब्दाला एक तोतया जुळा भाऊही आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओत ‘द टेम्पेस्ट’च्या पात्रयादीत कॅलिबनला ‘साल्व्हेज’ गुलाम म्हटले आहे. नाटकाची सुरुवात जहाजावरच्या वादळाने होते, त्यामुळे दोन्ही शब्दांची मोट बांधायचा मोह होतो. पण हा साल्व्हेज म्हणजे ‘सॅव्हेज’, रानटी. त्याचे मूळ ‘सिल्व्हा’, म्हणजे जंगल. दोघांचा संबंध स्पेलिंगपुरता.

कल्पना शब्दापेक्षा बरीच जुनी आहे. ऱ्होड्स बेटाच्या नावाने चालत आलेल्या बायझंटाइन सागरी नियमांत (सातवे-आठवे शतक) मोबदला खोलीवर ठरे. आठ हात पाण्यातून सोनेचांदी वर काढली तर तिसरा हिस्सा, पंधरा हातांतून काढली तर निम्मा. लाटांनी काठाशी आणून टाकलेली, हातभर पाण्यात सापडली तर फक्त दहावा. जोखीम वाढेल तसा वाटा वाढवणारा हा हिशेब आजच्या लवादालाही परका वाटणार नाही.

बहुतेक किनाऱ्यांवर मात्र वेगळाच कायदा होता: फुटून काठाला लागलेले जहाज राजाचे. इंग्लंडात १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने त्याला मुरड घातली. जहाजावरून माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत निसटले असेल तर ते जहाज बेवारशी धरायचे नाही. एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत मालकाने हक्क सांगितला तर माल परत द्यायचा. म्हणजे एका मांजरावर गलबतभर मालाची मालकी टिकून राही. १७७१ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी प्राण्याची ही अट निकालात काढली; माल कोणाचा ते पटले की पुरे.

याच प्रश्नाची एक ठिणगी रायगडावर पडली. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन गडावर होता. महाराजांच्या किनाऱ्यावर फुटलेली इंग्रजी जहाजे आणि माल परत मिळावा, हे त्यांतले एक. महाराजांनी ते मान्य केले नाही. खलाशांना मदत आणि संरक्षण मिळेल, पण वादळाने किनाऱ्याला लागलेला माल परत देणे कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच वगैरेही तीच मागतील, असे उत्तर मिळाले. एकीकडे किनाऱ्यावरचा आडदांड हक्क आणि दुसरीकडे युरोपचा सुधारलेला कायदा, असे चित्र यावरून सहज रंगवता येते. ते टिकत नाही. चौदाव्या शतकातल्या इंग्रज राजहक्कांच्या यादीत फुटलेले जहाज राजाचेच आहे. ऑक्झिंडेन मागत होता ती खास सवलत होती, आणि उत्तर देणाऱ्याला तिची किंमत नेमकी ठाऊक होती.

रायगडावरची ही बोलणी साल्व्हेजच्या इतिहासात सहसा येत नाहीत, यायला हवीत. वाद दोघांतच होता, मालक आणि राजा. लाटांत उतरून माल ओढणाऱ्या तिसऱ्याचे नाव त्यात नाही. त्या तिसऱ्याचा हिस्सा ठरतो तेव्हा साल्व्हेज सुरू होते, कारण मग जहाज फुटायची वाट पाहण्यापेक्षा ते वाचवणे परवडते.

पुढचे टप्पे परिचित आहेत. १९०८ मध्ये लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराचा साल्व्हेजसाठीचा प्रमाण करारनामा आला. त्याचे तत्त्व ‘यश नाही तर पैसा नाही’: जहाज वाचले नाही तर टगवाल्याची मेहनत फुकट. १६ मार्च १९७८ ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाचे सुकाणू निकामी झाले. टग मदतीला आली, पण कराराच्या अटींवर घासाघीस चालली. शेवटी दोर तुटून जहाज खडकावर गेले आणि सुमारे २,२०,००० टन तेल समुद्रात गेले. जहाज वाचले नाही तरी प्रदूषण रोखण्याच्या खटपटीचा खर्च मिळावा, ही तरतूद नंतर लॉइड्सच्या करारात आणि १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संकेतात आली. नुसता जीव वाचवण्याला मात्र जुन्या सागरी कायद्यात मोबदला नव्हता, कारण तो वाचलेल्या मालातून द्यायचा आणि इथे माल वाचलेलाच नसे. भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने जीवरक्षणालाही वाजवी रक्कम देऊ केली.

राहिला प्रश्न मोबदल्याच्या मोडीचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्य रणांगणावरचे बूट, काडतुसांची टरफले, चिंध्या गोळा करून पुन्हा वापरी; त्या कामाला साल्व्हेज म्हणत, आणि शब्दाचा आजचा घरगुती अर्थ तिथून आला असे मानतात. प्रसार तिथून झाला हे खरे, पण अर्थ त्याआधीच पालटला होता. अठराव्या शतकातल्या विमा-व्यवहारातच वाचलेल्या मालाला साल्व्हेज म्हणू लागले होते. कारणही उघड आहे. मोबदला वाचलेल्या मालातूनच फेडायचा आणि तो मिळेपर्यंत मालावर वाचवणाऱ्याचा बोजा राहायचा, तेव्हा रक्कम आणि माल हिशेबात एकाच ढिगात पडले, आणि रकमेचे नाव ढिगाला चिकटले.

मोटारविम्याने तोच ढीग उचलला. दुरुस्ती परवडत नसेल तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. मालकाने ती स्वतःकडेच ठेवली तर साल्व्हेजची किंमत दाव्यातून वजा होते. सोडली तर विमा कंपनी ती भंगारवाल्यांकडून दर मागवून विकते. जहाजाच्या मालकाच्या खिशातून जाणारी रक्कम इथे दाव्याच्या वजाबाकीत येते.